पाळण्याला टांगलेली पाटी

नुकते आईबाप झालेल्या आणि त्यावर ब्लॉग लिहिणाऱ्या मराठी लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. तिथं नवीन माणसानं आधी आपली ओळख लिहायची, मगच बाकीच्यांशी बोलायचं, असा नियम. मी तेव्हा संग्रामपूरच्या एका कृषी केंद्रात कामाला होतो. बियाणं, खत, औषधं. मालक दुपारी जेवून झोपायचे आणि बिलाच्या कम्प्युटरवर मी एकटाच असायचो. मुलगी होऊन वीस दिवस झाले होते. म्हटलं, आपणही बापच आहोत की, लिहू ओळख. त्यात काय मोठं!

लिहायला बसलो तर शब्द सुचेना. शाळा सुटल्यापासून मी एकाच प्रकारची ओळख लिहीत आलो होतो, बियाण्याच्या वाणाची. दुकानाबाहेरच्या फळ्यावर दर हंगामाला मीच लिहायचो. बोटांना तीच सवय. मग हे असं लिहिलं गेलं:

"नमस्कार. वाण: कन्या. उगवण: पहिल्याच हंगामात. उगवणीच्या वेळचं वजन: पावणेतीन किलो. वाढ: जोमदार. पाणी: लागत नाही, दूध दर दोन तासांनी. रोगप्रतिकारशक्ती: आजीकडून. विशेष सूचना: थेट उन्हात ठेवू नये. आपला, बाप, तालुका संग्रामपूर."

पाठवलं आणि मग घाम फुटला. हे काय लिहून बसलो बे मी! पुसायचं कसं तेही कळेना. पण तासाभरात उत्तरं यायला लागली. पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, हसता हसता मांडीवरचं बाळ जागं झालं. ठाण्याच्या एका बाईंनी ते नवऱ्याला वाचून दाखवलं म्हणे. त्यांना वाटलं, मी मुद्दाम विनोद केला. मीही कशाला सांगतो की मला दुसरं काही येतच नाही म्हणून! फुकटचा मान कोण सोडतो?

मग प्रश्न सुरू झाले. आंघोळ कोण घालतं? मीच. लंगोट कोण बदलतं? मीच की. रडली तर काय करता? खांद्यावर घेतो, पाच मिनिटांत गप. पुण्याच्या बाई म्हणाल्या, असा बाप आमच्या सोसायटीत एकही नाही. मी म्हटलं, आमच्या खेड्यापाड्यांत असतात एखाददोन.

खरी गोष्ट सांगू? वीस दिवसांत मी पोरीला तीनदा पाहिलं होतं. तिन्ही वेळा मिळून दहा मिनिटं भरली नसतील.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. बायकोचं माहेर संग्रामपूरहून मोटरसायकलनं अर्ध्या तासावर, सातपुड्याच्या पायथ्याला. पण अंतर आडवं येत नव्हतं, मान आडवा येत होता. आमच्याकडे जावई म्हणजे चालता बोलता पाहुणचार. दारात गेलो की आधी पाय धुवायला पाणी, मग खाटेवर सतरंजी, मग पोहे, मग चहा, मग पुन्हा "काहीच नाही घेतलं तुमी" म्हणून शिरा. बाळंतिणीच्या खोलीत जावयानं जायचं नाही. पोटात मावेनासं झालं की सासूबाई दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन खोलीच्या दारात यायच्या. मी खाटेवरून मान उंच करून पाहायचो. नाक दिसायचं. कधी तेही नाही.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. सासरे लवकर गेले, चार एकर वावर मामी एकट्या करायच्या. बोलणं कमी, काम डोंगराएवढं. चौथ्या खेपेला मी धीर करून म्हटलं, "मामी, मी घेऊ का तिला जरा?" त्यांनी दिली. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, नाक आक्रसलं आणि असा टाहो फोडला की शेजारची म्हातारी काठी टेकत बघायला आली.

"फवाऱ्याचा वास येते तुमच्या अंगाले," मामी म्हणाल्या आणि गाठोडं घेऊन आत गेल्या.

मी दोनदा साबण लावून आलो होतो! पण दहा वर्षं औषधांच्या बाटल्यांत बसलेला माणूस, वास जाणार कुठं? त्या दिवशी परतताना रस्ताभर मी चिडत होतो. आधी साबणावर, मग रीतीवर, मग मामींवर, शेवटी स्वतःवर. मला काही फार नको होतं. माझी पोरगी माझ्याजवळ थोडा वेळ राहावी, एवढंच. आणि कट्ट्यावरच्या बायका मला गुरू मानून बसल्या होत्या.

कारण तोवर माझा दवाखाना जोरात सुरू झाला होता. आमच्या दुकानात शेतकरी खिशात पान घालून येतो. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, पाह्य बरं याले काय झालं. पान उलटंसुलटं करायचं, दोनचार प्रश्न विचारायचे आणि बाटली द्यायची. कट्ट्यावर मी तेच केलं. ठाण्याच्या बाईंनी लिहिलं की बाळाच्या मानेवर पुरळ आलंय. मी विचारलं: फक्त मानेवर की खाली फांद्यांवरही? शेजारच्या बाळांत प्रादुर्भाव आहे का? मग सल्ला दिला: उगाच काही लावू नका, हवा खेळती ठेवा, दोन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरला दाखवा. उतरलं. दुकानात "काही टाकू नका" असं म्हटलं असतं तर मालकांनी मलाच बाहेर टाकलं असतं. कट्ट्यावर माझा जयजयकार झाला.

डोक्यात हवा गेली. म्हातारे म्हणतात ते खोटं नाही, उथळ पाण्याला खळखळाट फार. आता सगळ्यांना बाळाचा फोटो हवा होता. मी म्हटलं, असा फोटो काढू की पुणं ठाणं हादरलं पाहिजे.

बीटी कपाशीचं बियाणं आल्यापासून आमच्याकडे रस्त्याकडेच्या वावरात कंपन्यांच्या पाट्या उभ्या राहिल्या होत्या. पत्र्याची पाटी, वर वाणाचं नाव, खाली शेतकऱ्याचं नाव, लागवडीची तारीख. ज्या पेंटरकडून आम्ही या पाट्या करून घ्यायचो त्यालाच गाठलं. वहीएवढी पाटी, पिवळ्यावर हिरवी अक्षरं: "प्रात्यक्षिक प्लॉट. वाण: कन्या. उत्पादक: आईबाप. पाहणीसाठी संपर्क: बाप." पेंटर म्हणाला, "भाऊ, कपाशीचं बोंडही काढू का कोपऱ्यात?" मी म्हटलं, काढ. त्यानं बोंडाला डोळे काढले.

पोरगी तेव्हा दोन महिन्यांची. मी भर दुपारी सासरी पोचलो. मामी वावरातून यायच्या होत्या. बायकोनं पाटी पाहिली आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की टाके दुखले तिचे. "अवं माय! तुमाले काही अक्कल?" म्हणाली, पण पाळणा बाहेर पडवीत आणून दिला. पोरगी झोपलेली. मी पाळण्याच्या दांडीला तारेनं पाटी टांगली, मोबाइल काढला, एक गुडघा टेकला. तेवढ्यात मामी आल्या, डोक्यावर गवताचा भारा.

भारा त्यांनी तिथंच टाकला. पाटी वाचली. त्यांना वाचायला वेळ लागतो, तेवढा वेळ मी गुडघ्यावरच होतो. मग त्यांनी तार सोडवली, पाटी भिंतीला पालथी टेकवली आणि म्हणाल्या, "जवाईबापू, लेकराले पाटी लावू नका."

मी म्हटलं, "मामी, गंमत आहे हो."

"हाव, गंमतच हाये. माह्या वावरातबी लावली होती तुमी. पाटी लावली तवा साऱ्या दुनियेनं पाह्यलं. लाल्या आला तवा कोण आलं पाहाले?"

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. लग्न नवंनवं होतं. कंपनीला रस्त्याकडेचं वावर हवं होतं, मी मामींचं दाखवलं. बियाणं मीच नेऊन दिलं. ऑगस्टात पीक पाहणीचा कार्यक्रम: मांडव, खुर्च्या, आलूबोंडे, भाषणं. पाटीशेजारी मामींना उभं करून फोटो काढला. मी तर माइक हातात घेऊन सांगितलं होतं, हे माझ्या सासूबाईंचं वावर. मग पावसानं ओढ दिली. पानं लाल पडली, पात्या, म्हणजे कळ्या, गळल्या, पाटीपासून बांधापर्यंत वावर नुसतं लाल. त्या वर्षी हा लाल्या रोग आमच्याकडे कित्येकांच्या वावरात होता, बियाण्याचा दोष की पावसाचा, कोणी सांगू शकलं नाही. पण मी गेलोच नाही. अर्ध्या तासाचा रस्ता. दुकानात हंगाम आहे म्हणून निरोप पाठवला. मामींनी एकटीनं पऱ्हाट्या उपटल्या आणि पुढच्या दिवाळीला मला खाटेवर बसवून शिरा वाढला. त्याबद्दल एक अक्षर त्या कधी बोलल्या नव्हत्या. लाज वाटली मला. भर उन्हात, गुडघ्यावर बसून, फार लाज वाटली.

तोंडाला आलं ते बोललो. "मामी, मी तीन दिवस इथंच राहतो."

मामी घाबरल्या. "मुक्काम? मंग पुरण घालाव लागन. डाळ तं भिजत बी नाही घातली!"

"पुरण नको. शिरा नको. मला खाटेवर बसवू नका. लंगोट कुठायत, सांगा."

आता हसून घ्या. मी सासरच्या अंगणात, नळावर, पाटावर बसून लंगोट धुतले. गल्लीत बातमी अशी पसरली की पाण्याच्या टँकरची पसरत नाही. बायका हंडे घेऊन आल्या, हंडे रिकामेच परत नेले. शेजारचे बुढे म्हणाले, "जवाई कामाले ठेवला का वं?" मामी तोंड लपवत माझ्या हातून बादली ओढत होत्या, मी सोडत नव्हतो, आणि त्या ओढाताणीत पिवळं पाणी दोघांच्याही अंगावर गेलं. बायको खिडकीतून म्हणाली, "साबण कमी लावा, चारचारदा लावून राह्यले." मला कुणी धड धुऊ पण देईना!

पोरगी मात्र बधली नाही. घेतली की रडायची. मी शर्ट बदलला, सासऱ्यांचा जुना सदरा घातला, अंगाला ओव्याची धुरी घेतली. तरी रडायची. मला पाहून तर रडायचीच, माझा आवाज ऐकूनही रडायची. पाच मिनिटांत गप करणारा गुरू पार उघडा पडला.

तिसऱ्या दिवशी बायकोला तपासणीसाठी दवाखान्यात जायचं होतं, शेजारच्या काकू सोबत गेल्या. पोरगी दूध पिऊन झोपली होती. मामी विळा घेऊन निघाल्या. मी म्हटलं, "मामी, उठली तर?"

"उठन तं घ्या."

"रडेल ना हो ती!"

मामी दारात थांबल्या. "रडू द्या. फक्त सोडून जाऊ नका."

ती अर्ध्या तासात उठली आणि रडली. मी खांद्यावर घेऊन पडवीत चकरा मारल्या. गाणी येत नव्हती, म्हणून तिला दुकानातल्या सगळ्या औषधांची नावं आणि फवारणीच्या एका पंपाला किती मिसळायचं ते प्रमाण म्हणून दाखवलं. तिनं माझा सदरा भिजवला. मी दुपटं उलटं गुंडाळलं, तिचा पाय गळ्याकडून बाहेर आला. ती रडत होती, आणि काय सांगू, मलाही रडू येत होतं. कितीदा वाटलं, पाळण्यात ठेवावी आणि शेजारी कुणाला हाक मारावी. ठेवली नाही. शेवटी ती थकली, की मी थकलो म्हणून तिला दया आली, कोण जाणे. मामी परत आल्या तेव्हा ती माझ्या हातावर झोपली होती आणि हात कोपरापासून बधिर झाला होता. मामींनी पाहिलं. घेतली नाही. पायावर पाणी घेऊन सरळ चुलीकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन मी कट्ट्यावर नव्यानं ओळख लिहिली. आधीचं सगळं खोटं होतं म्हणून सांगितलं. "मुलगी दोन महिन्यांची आहे. मी बाप होऊन तीन दिवस झालेत. ती माझ्याकडे रडते." पुण्याच्या बाईंनी दोन दिवसांनी लिहिलं की आमचंही बाळ बाबांकडे रडतं, कुणाला सांगू नका.

त्याच आठवड्यात दुकानाचा फोन वाजला. समोर एक गिऱ्हाईक पान घेऊन उभं. फोनवर मामी होत्या. लाल्याच्या वर्षानंतर त्यांनी स्वतःहून कधी फोन केला नव्हता.

"जवाईबापू, पोरगी रडून राह्यली. कवा येता?"

मी म्हटलं, "मामी, ती तर माझ्याकडेही रडतेच की."

"हाव. तं तुमच्यापाशी रडन. मले भाकरी टाकाच्या हायेत."