ते पान उद्या

गाडीच्या मॅटखाली वाळू साचते तसे हे किस्से साचतात. बहारीनमध्ये कितीही झटका, पुन्हा थर! शुक्रवारी आमच्या हिद्दच्या रूमवर चहा झाला की कुणीतरी म्हणतंच, "हनीफभाय, दुक्तूरचं काढा." पहिले दोन-तीन मी हसत सांगतो. पुढचे सांगताना माझं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगायला लावतात.

दुक्तूर म्हणजे औषधवाले डॉक्टर नव्हेत. इथे मोठ्या प्रोफेसरलाही दुक्तूर म्हणतात. आमचे दुक्तूर हॉलंडचे, सखीरच्या कॅम्पसमध्ये जुनी अरबी कविता शिकवायचे. मी श्रीवर्धनचा, त्यांचा ड्रायव्हर. अमवाजच्या फ्लॅटवरून सकाळी न्यायचं, दुपारी आणून सोडायचं.

*

पहिल्याच आठवड्यात दूध घ्यायला एका कोल्ड स्टोअरवर, म्हणजे इथल्या किराणा दुकानावर, थांबलो. दुक्तूर काउंटरवर इतकं शुद्ध अरबी बोलले की मागे उभा असलेला बहारीनी म्हातारा एकदम अदबीने हात बांधून उभा राहिला. त्याला वाटलं, मशिदीतला खुतबा सुरू झाला!

काउंटरवरचा मल्याळी माझ्याकडे बघून म्हणाला, "भाई, इनको क्या होना?"

"दूध."

गाडीत बसल्यावर दुक्तूर म्हणाले, "चाळीस वर्षं अरबी शिकलो, आणि दुधाची बाटली मिळायला श्रीवर्धनचा माणूस लागतो!"

*

डिपार्टमेंटमध्ये चहा करायला गणपत होता, गुहागरचा. त्याला स्वच्छतेचं भारी वेड. दुक्तूरच्या टेबलावर शेकडो कार्डं पसरलेली असायची, एका शब्दाला एक कार्ड. ईदच्या सुट्टीत गणपतने ती सगळी गोळा केली, साइझप्रमाणे लावली आणि रबर बँड घालून गठ्ठे केले!

सुट्टी संपून दुक्तूर आले. खुर्चीत बसले, टेबलावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"गणपत, माझी कार्डं कुठे आहेत?"

गठ्ठे त्यांच्या अगदी समोर होते.

गणपत माझ्याकडे बघायला लागला, मी गणपतकडे. कुठलं कार्ड कुठे हे दुक्तूरना पाठ होतं, म्हणून इतके दिवस कुणाला कळलं नव्हतं. त्यांचे डोळे गेले होते.

त्यांनी दार लावायला सांगितलं. "कुणाला बोलू नका. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करताना मेडिकल होईल, मग मला घरी पाठवतील. तोवर हे पुस्तक पुरं होऊ द्या."

एका जुन्या कवीच्या सगळ्या कविता ते इंग्लिशमध्ये आणत होते. अकरा वर्षांचं काम, तीस पानं उरली होती. गणपत त्या दिवशी जेवला नाही.

*

"हनीफ, तुला अरबी वाचता येतं?"

"मदरशात कुराण वाचायला शिकलो, दुक्तूर. वाचता येतं, समजत मफी." इथल्या बाजारी अरबीत मफी म्हणजे नाही.

"मला समजतं, दिसत मफी. चल, दोघांचा मिळून एक माणूस होईल."

गणपत पटकन म्हणाला, "आंधळ्या-पांगळ्याची जोडी जमली!" आणि मग त्याने जीभ चावली. दुक्तूरनी मला अर्थ विचारला. सांगितल्यावर इतके हसले की चहा सांडला.

त्या छापील पुस्तकात कुराणासारख्याच जेर-जबर, म्हणजे उच्चाराच्या खुणा, लावलेल्या होत्या, त्यामुळे मला अडचण आली नाही. मी वाचायचो, ते लॅपटॉपवर टाइप करायचे. बोटांना अक्षरं पाठ होती. पण मला दुसरी चाल येतच नव्हती! जे वाचायचं ते तिलावतीच्या, कुराण म्हणायच्या सुरात. एकदा एक लांबलचक कविता मी मन लावून वाचली. दार उघडलं, तर बाहेर गणपत ट्रे घेऊन उभा, डोक्यावर रुमाल, चपला काढलेल्या.

"आत कुराण चाललंय ना, हनीफभाय. म्हटलं, पुरं होऊ दे."

दुक्तूर म्हणाले, "त्याला सांग, ही दारूची कविता होती."

तोबा, तोबा!

*

मे महिन्यापर्यंत सगळं झालं. एकच पान राहिलं. मी ते उघडलं की दुक्तूर म्हणायचे, "ते पान उद्या." असं पंधरा दिवस चाललं. मेडिकल तोंडावर आलेली. शेवटी गणपतने विचारलंच, "काय एवढं आहे त्या पानात?"

"कवीची बायको वारली, त्यावर आहे."

दुक्तूरच्या मॅडमना जाऊन सहा वर्षं झाली होती. माझी बायको रेहाना गेली तेव्हा मीही इथेच होतो. पोचेपर्यंत तिची माती झालेली होती. मला त्यांना घाई करवेना.

*

मग छातीत दुखायला लागलं म्हणून एका सकाळी त्यांना हॉस्पिटलला नेलं. अपॉइंटमेंटला वेळ होता. पार्किंगमध्ये बसल्या बसल्या म्हणाले, "हनीफ, ते पान आज."

पुस्तक गाडीतच असायचं. मी तीनदा वाचलं. लॅपटॉप मात्र घरी.

"मी सांगतो, तू लिही."

"दुक्तूर, इंग्लिश बोलता येतं, लिहिता नाही येत."

"मग तुझ्या भाषेत लिही."

मी गाडीचं लॉगबुक काढलं. पेट्रोल-किलोमीटरच्या मागच्या कोऱ्या पानावर, ते हळूहळू सांगत गेले तसं मराठीत लिहून घेतलं. पुरं झालं तेव्हा त्यांनी सीटला डोकं टेकलं आणि म्हणाले, "खलास." चेष्टेतलं 'मफी' सोडलं, तर आमच्यासारखं बाजारी अरबी मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

हॉस्पिटलमधून ते परत आले नाहीत.

*

त्यांची मुलगी सामान न्यायला अमवाजला आली. म्हणाली, "लॅपटॉपवर सगळं सापडलं, शेवटची कविता नाही."

"ती माझ्याकडे आहे. पण मराठीत."

मी लॉगबुकचं पान पुढे केलं. तिने ते हातात धरलं, बघितलं आणि मला परत दिलं.

"वाचा."

"तुम्हाला समजणार नाही, मॅडम."

"तरी वाचा."

गणपत खोकी उचलायला आला होता. एक खोकं छातीशी धरून तो दारातून बाहेर पडत होता. मी वाचायला लागलो. चाल तीच, मला दुसरी येत नाही.

"तू गेल्यापासून मी उंटावर एकाच बाजूला ओझं बांधतो. उंट वाकडा चालतो, लोक हसतात. मी त्यांना सांगत नाही, की दुसरी बाजू तुझी आहे."

मुलगी डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "पुन्हा."

गणपतने खोकं खाली ठेवलं आणि चपला काढल्या.