कर्लीचे काटे आणि दोघांचा एक चष्मा

मी आणि बायकोने मिळून केलेली शेवटची गोष्ट म्हणजे कर्ली खाल्ली. रविवार होता. हा मासा चवीला एक नंबर, पण अंगभर केसासारखे काटे. लालबागच्या आमच्या खोलीत जवळचं बघायचा चष्मा एकच, दोघांत मिळून. तो आधी तिने लावला, माझ्या ताटातले काटे काढले, मग स्वतःचे. "जेवा आता, माझ्या तोंडाकडे काय बघताय?" म्हणाली. दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही.

तेरावं उरकलं आणि वडाळ्याला टॉवरमध्ये राहणाऱ्या मुलाला माझ्या डोळ्यांचा पुळका आला. चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलाय, चार लोकांत लाज वाटते म्हणे. मला दादरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दवाखाना कसला, लग्नाचा हॉल! मऊ सोफे, कॉफी, आणि बसलेले सगळे धडधाकट. दुखणं काय, तर मोबाइल वाचायला चष्मा लागतो.

डॉक्टर पोरगेलासा. "आजोबा, वय झालं की डोळ्यातलं भिंग ताठर होतं. ते काढून नवीन बसवायचं. जवळचं, लांबचं, सगळं दिसेल."

"मोतीबिंदू आहे?"

"नाही."

"मग आजार काय?"

"आजार नाही हो, सोय आहे."

"आणि हा चष्मा?"

"त्याचं मग काय काम?"

सोयीसाठी माणूस खिडकी मोठी करतो, डोळा कापत नाही. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतील, हे डॉक्टरने मुलाला सांगितलं. डोळे माझे, मान हलवतोय तो! उद्या सकाळची वेळसुद्धा त्यानेच घेतली.

बाहेर काउंटरवर जुन्या चष्म्यांचा डबा होता, गरिबांना वाटायला. तिथली मुलगी म्हणाली, "अंकल, हा आता लागणार नाही," आणि माझ्या हातातला चष्मा मेलेल्या झुरळासारखा दोन बोटांत धरून आत टाकला.

"डबा उघड."

"अंकल, कुलूप आहे त्याला."

"माझ्या बायकोचा आहे तो. उघड."

"बाबा, तमाशा नको ना," मुलगा पुटपुटला. मी डब्यावर हात ठेवून उभा राहिलो. शेवटी किल्ली आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तो थेट बाजारात गेलो. कोळीण म्हणाली, "बाबा, कर्लीला काटे लय. पापलेट घ्या."

"चष्मा आहे माझ्याकडे," म्हटलं.

मुलगा मला न्यायला आला तेव्हा तुकडे तव्यावर होते. आधी ओरडला, मग वासाने खाली बसला. पहिल्याच घासाला ठसका. स्वतःला चाळिशी लागली तरी कर्ली खाता येत नाही, आणि हा माझे डोळे सुधारणार! त्याचं ताट माझ्याकडे ओढलं, चष्मा कानाला अडकवला आणि काटे काढायला घेतले. आधी त्याचे, मग माझे.