हार घातलेली गुरम्मा

गुरम्मा मैंदर्गीची. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, तेव्हा ती सोलापुरात आली आणि एका खासगी प्रसूतिगृहात सुईणीचं काम शिकली. १९३३ साली तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, की तिनं दर मंगळवारी दुधनीला जाऊन बायकांना तपासावं. पण अनोळखी बाईला घरात कोण घेणार? आधी तिचा फोटो पाठवू, निदान तोंडओळख होईल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून गुरम्मा वेणीमाधव फोटोग्राफरसमोर बसली. त्यानं हनुवटी वर करायला लावली, मग खाली. हसू नका म्हणाला, दवाखान्याचं काम आहे, भारदस्त दिसलं पाहिजे. काळ्या कापडात डोकं खुपसून त्यानं श्वास रोखायला सांगितलं. तिनं तो असा रोखला, की फोटो झाला तरी सोडेना.

फोटो चौकटीत बसवून, खाली ‘गुरम्मा, गोरगरिबांच्या सेवेत’ असं लिहून दुधनीच्या गुरुलिंग दुकानदाराकडे रवाना झाला. सोबतची चिठ्ठी मात्र डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरच राहिली.

पुढच्या मंगळवारी गुरम्मा आगगाडीतून उतरून दुकानात शिरली. पाहते तर भिंतीवर आपण, गळ्यात झेंडूचा हार, पुढं उदबत्ती. काशम्मा नावाची एक म्हातारी पदरानं डोळे टिपत उभी होती. गुरम्मानं हळूच विचारलं, कोण ही?

"लई गुणाची बाई," काशम्मा म्हणाली. "हजार बाळंतपणं केली, एक बी दगावली न्हाय. प्लेगात दुसऱ्यांचं करता करता गेली बिचारी."

गुरम्माची बाळंतपणं तोवर जेमतेम दीडशे भरली होती. जिवंतपणी तिला कुणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं. त्या बाईसाठी तिलाच भरून आलं. अजून थोडं ऐकावंसं वाटत होतं, पण तेवढ्यात गुरुलिंगानं वर पाहिलं आणि त्याच्या हातातल्या मापातले शेंगदाणे सांडले.

"अव्वा," गुरम्मा म्हणाली, "मी अजून हाय की."

काशम्मानं तिचा दंड चाचपला. मग वाकून पाय उलटे आहेत का ते पाहिलं. सरळ निघाले, तेव्हा कुठं ती हसली आणि तिनं स्वतःच हार उतरवला.

सोलापूरला परतल्यावर गुरम्मानं वेणीमाधवाला गाठलं. हकीकत सांगताना तिला हसू आवरेना. त्यानं तिला खुर्चीवर बसवून सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं, आणि ती उलट्या पायांच्या गोष्टीपाशी पोचली तेव्हा फोटो घेतला. दात दिसतात म्हणून डॉक्टरीणबाईंनी नाक मुरडलं. तरी या खेपेला फोटोखाली ‘मंगळवारी येते’ असंही लिहिलं.

पुढच्या मंगळवारी काशम्मा तिला हाताला धरून घरी घेऊन गेली. सुनेला नववा लागला होता. गुरम्मानं पोट तपासलं, बाळाचे पाय खाली आहेत, बाळंतपणाला सोलापुरातच आणा म्हणाली. काशम्मानं वाद घातला नाही. दोन दिवसांत सून प्रसूतिगृहात दाखल झाली, आणि एकादशीला तिला पायाळू मुलगी झाली.