चिंचदेश आणि पळसदेशाचा करार

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. उठून अंगणात दोन फेऱ्या मारतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांनी कधी इतका त्रास दिला नाही. हे प्रकरण कागदावर तर गुन्हाही नव्हतं. स्टेशन डायरीत त्याच्या दोनच नोंदी सापडतील, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. मधल्या आठ-नऊ तासांत काय झालं ते कुठेच लिहिलेलं नाही. कोणाचं नाव घेणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून तिथेच राहतात.

परभणीतून निघून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. कळमनुरी तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत एक मोठं गाव होतं आणि त्याच्यापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर बंजाऱ्यांचा एक तांडा. मध्ये ओढा. दोन्हीकडे शेतकरीच, दोन्हीकडे हळद आणि कापूस, कित्येकांची शेतंही एकमेकांना लागून. तांड्यावरची माणसं किराण्याला, दवाखान्याला, शाळेला गावात यायची. गावातली माणसं मात्र तांड्यावर जात नसत. भांडण नव्हतं, जायचं नाही, एवढंच.

फेब्रुवारीत एक निनावी अर्ज आला. गावच्या शाळेतले सातवीचे गुरुजी मुलांना दुसऱ्या देशाचे नागरिक करतात, त्यांनी शिक्के आणि नकाशे बनवलेत आणि सरहद्द उघडी करण्याचा करार केलाय, असं त्यात लिहिलं होतं. तो काळच असा होता की 'सरहद्द' हा शब्द दिसला की वरचे अधिकारी फोन करायचे. मी अर्जावर 'चौकशी करावी' असा शेरा मारला आणि तो फाईलला लावून टाकला. स्वतः गेलो नाही. शाळा ठाण्यापासून सात किलोमीटरवर होती.

तीन आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमारास, गावातले एक वजनदार शेतकरी पंधरा-वीस माणसं घेऊन ठाण्यात आले. त्यांची तेरा वर्षांची मुलगी शाळेला म्हणून निघाली होती आणि शाळेत पोचलीच नव्हती. मी नेहमीचे प्रश्न विचारले. घरात काही बोलाचाली झाली का, कोणी रागावलं का, कोणाकडे जाण्यासारखं आहे का. वडील म्हणाले, काहीच झालं नाही. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. मला ते दिसलं, पण मी तिथे थांबलो नाही.

थांबू दिलं नाही ते मुलीच्या चुलत्यानं. तो आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, पोरगी तांड्यावरच्या पोरांनीच नेली. तुमी दुपारपर्यंत आणा. न्हाई तर आमी जाऊन आणतो."

असं शांतपणे बोलणारी माणसं बोलल्याप्रमाणे करतात, हा माझा अनुभव आहे. मी ठाणे अंमलदाराला नोंद घ्यायला सांगितली आणि वायरलेसवर जादा कुमक मागितली. उत्तर आलं की सगळी माणसं मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्तात आहेत, संध्याकाळपर्यंत कोणी मिळणार नाही. माझ्याकडे बीट जमादार धरून सहा माणसं होती. त्यातली चार गावात मारुतीच्या पारापाशी उभी केली. तिथे अकरा वाजताच गर्दी जमली होती आणि काठ्या यायला लागल्या होत्या.

तेवढ्यात खबर मिळाली. रस्त्यावर पंक्चर काढणारा एक जण आम्हाला अधूनमधून माहिती द्यायचा. त्यानं सांगितलं की आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मुलगी गुरुजींशी फाटकापाशी बराच वेळ बोलत होती आणि रडत होती. मला एकदम तो अर्ज आठवला. गुरुजींना आणायला जीप पाठवली आणि सोबत त्यांचं ते सगळं सामानही जप्त करून आणायला सांगितलं.

गुरुजी चाळिशीचे, अंगानं बारीक. टेबलावर त्यांचं सामान मांडलं: बटाटा कोरून केलेले, आता सुकून वाकडे झालेले शिक्के, जुन्या लग्नपत्रिका कापून शिवलेले पासपोर्ट, एक पुठ्ठ्याचा नकाशा आणि एक दोनशे पानी वही. मी त्यांना तासभर उभं ठेवलं. मुलगी कुठे आहे, हे सोडून ते सगळं सांगत होते.

त्यांच्या वर्गात गावातली मुलं एका बाजूला बसत आणि तांड्यावरची दुसऱ्या बाजूला. कोणी बसवलं नव्हतं, आपोआप बसत. गुरुजींनी मधून खडूनं रेघ मारली आणि सांगितलं की हे दोन शेजारी देश. मुलांनी नावं ठेवली, चिंचदेश आणि पळसदेश. पटांगणातला हापसा चिंचदेशात गेला आणि लिंबाची सावली पळसदेशात. पाण्याला जायचं तर पासपोर्ट दाखवा, सावलीत बसायचं तर शिक्का मारून घ्या. चार-पाच दिवसांत मुलं वैतागली. मधल्या सुट्टीतला अर्धा वेळ शिक्के मारण्यातच जायचा. मग गुरुजी म्हणाले, नको असेल सरहद्द तर बसून करार करा. मुलांनी आठवडाभर भांडून या वहीत करार लिहिला. सरहद्द उघडी राहील, कोणीही कुठेही बसेल, पाणी आणि सावली दोघांची.

"नागरिकशास्त्राचा धडा होता, साहेब," ते म्हणाले.

बाहेर गावातून निरोपांवर निरोप येत होते. मला वाटलं, हा माणूस मला खेळवतोय. मी त्यांच्या थोबाडीत मारली.

हे लिहू नये असं घरच्यांचं मत होतं. पण ते वगळून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. चष्मा खाली पडला होता. तो उचलून त्यांनी पुसला, लावला आणि म्हणाले, "तांड्यावर गर्दी घेऊन जाणार नसाल तर एक गोष्ट सांगतो."

मी शब्द दिला नाही. नुसता गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्यावर त्यांनी विश्वास ठेवला असावा.

"काल ती मला विचारत होती, करार खराच असतो का."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"दोन्हीकडच्यांनी पाळला तर खरा, असं सांगितलं. सातवं कलम वाचा."

मी वही उघडली. अक्षर मुलीचं, गोल आणि ठळक. 'एका देशात कोणाला भीती वाटली तर त्याने दुसऱ्या देशात जावे. तिथे त्याला तीन दिवस कोणी काही विचारू नये आणि तो कुठे आहे हे कोणी सांगू नये.' शेवटच्या पानावर दोन सह्या होत्या. चिंचदेशातर्फे त्या हरवलेल्या मुलीची आणि पळसदेशातर्फे तांड्यावरच्या तिच्या मैत्रिणीची.

भीती कशाची, असं विचारल्यावर गुरुजी म्हणाले की तिचं लग्न ठरलंय, पंधरा दिवसांवर आलंय. वडील पेपरवेटकडे का बघत होते ते तेव्हा कळलं. आणि गुरुजी तोंड का उघडत नव्हते तेही. मुलगी कुठे आहे हे ते बोलले असते आणि मी ते गावात बोललो असतो, तर तासाभरात तांडा पेटला असता.

दोन वाजता मी आणि बीट जमादार निघालो. जीप ओढ्याच्या अलीकडेच सोडली आणि चालत गेलो. तांड्यावर हळद शिजत होती, सगळीकडे वाफ आणि धूर. तांड्याच्या प्रमुखाला, नायकाला, फक्त मैत्रिणीचं घर विचारलं. तिची आई दारातच बसली होती. आमच्या मागे कोणी आहे का हे तिनं आधी मान वर करून पाहिलं.

"पोरगी आत हाय," ती म्हणाली. "भाकर खाल्ली, निजली. तिला हात लावू नका."

मी तिला समजावून सांगितलं की गावात काठ्या जमल्यात, ते येतील, घरं जाळतील, तुमचीच माणसं मार खातील.

"ठाऊक हाय, साहेब. सकाळपासून ठाऊक हाय. पण लेकरू दारात येऊन म्हणलं, मला भ्या वाटून राहिलं. मग काय इचारायचं तिला, तुहं गाव कोणतं?" मग म्हणाली, "तिच्या बापाला आणा. एकल्याला. काठी न घेता. त्याच्या हाती देते."

बोलणं ऐकून मुलगी दारात आली. केस विस्कटलेले, अंगावर शाळेचाच गणवेश. माझ्या पट्ट्याकडे आणि टोपीकडे बघत तिनं विचारलं, "तीन दिवस तर झाले न्हाईत ना?"

मी मान फिरवून जमादाराला चला म्हटलं.

गावात पोचलो तेव्हा गर्दी पारावरून उठून रस्त्याला लागली होती आणि माझ्या चार माणसांनी ती कशीबशी अडवून धरली होती. मी वडिलांना बाजूला, शाळेच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. मुलगी सुखरूप आहे, असं आधी सांगितलं. नंतर लग्नाचं मला कळलंय, असं सांगितलं. बालविवाहाचा कायदा त्या वेळी लेचापेचा होता, पण मी तो होता त्याहून कडक करून सांगितला. ते मुलांच्या बाकावर बसले. मग म्हणाले, "लोकायले काय सांगू?" मी म्हटलं, माझ्यासोबत चाललोय म्हणून सांगा. चुलता दाराबाहेरच होता. त्यानं वाट अडवली. वडिलांनी हातानं त्याला बाजूला केलं. त्या दिवसभरात मला त्या माणसाचा आदर वाटला तो तेवढ्या क्षणी.

ओढ्याला घोटाभर पाणी होतं. त्यांनी वहाणा हातात घेतल्या. पन्नाशीला आलेला माणूस, ओढ्याच्या काठापर्यंत त्याचं शेत, आणि पलीकडे तो पहिल्यांदाच जात होता. तांड्यावर त्या बाईनं त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या धरला. सगळा तांडा बघत होता. त्यांनी तो घेतला, थोडा वेळ हातात धरला आणि पाणी प्याले. मुलगी बाहेर आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चल बाई."

ती हलली नाही. मैत्रिणीनं तिचा हात धरून ठेवला होता. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "जा बेटा, घाबरू नको. मी आहे."

ती गेली.

ठाण्यात वडिलांकडून लेखी घेतलं. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिचं या गावात लग्न लावणार नाही. मजकूर मी सांगितला, जमादारानं लिहिला. डायरीत नोंद झाली: मुलगी मिळून आली, तक्रार नाही. गुरुजींना जीपनं घरी सोडलं. गैरसमज झाला, असं मी त्यांना म्हणालो. त्यांनी फक्त वही परत मागितली आणि मी ती दिली. निनावी अर्जात तथ्य नाही, असा अहवालही मी पाठवला. तरी जूनमध्ये गावकऱ्यांच्या मागणीवरून त्यांची बदली झालीच.

एप्रिलच्या अखेरीस जमादारानं चहा पिता पिता सांगितलं की त्या पोरीचं लग्न झालं. पैनगंगेच्या पलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात, मामाच्या गावी. मी कपाट उघडून तो लेखी कागद काढला आणि पुन्हा वाचला. 'या गावात.' शब्द माझेच होते. तिथल्या ठाण्याला फोन केला, तर तिकडच्या अधिकाऱ्यानं विचारलं, तक्रारदार कोण? तक्रारदार कोणी नव्हता. ती माझी हद्द नव्हती. मी फोन ठेवला.

या प्रकरणानं मला कामापुरतं बरंच शिकवलं. त्यानंतर लहान मूल हरवल्याची कुठलीही खबर आली की मी आईबापांच्या आधी त्याच्या वर्गातल्या मुलांशी बोलायचो. घरात लग्नाची तारीख ठरली आहे का, हे विचारायचो. आरोप कोण करतंय यापेक्षा कोण गप्प आहे, तिकडे बघायचो. त्यानं काही मुलं वेळेत सापडली. पुढे नोकरीत मला याचं श्रेयही मिळालं.

पण त्या दिवशी मी वडिलांना, चुलत्याला, गुरुजींना, पंक्चरवाल्याला, नायकाला, त्या बाईला, सगळ्यांना प्रश्न विचारले. ती मुलगी माझ्यासमोर दारात उभी होती. तुला घरी जायचं आहे का, हे मी तिला विचारलं नाही. ती काय म्हणेल ते मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही.