गुरवाला मी काय विचारायला सांगितलं

धाकटा भाऊ पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. एकदा त्याला समोरून येणाऱ्या एका गाडीच्या दोन दिसू लागल्या. मग जेवताना ठसका लागू लागला, घास उतरेना. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून सांगितलं, गाठ मेंदूच्या देठात आहे, तिथं सुरी घालता येत नाही.

"आमचो मेस्त्री सुद्धा बॉनेट उघडून बघता," भाऊ म्हणाला. डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा मी घाबरलो.

एक उपाय होता. बेळगावला पाच-सहा आठवडे राहून डोक्याला किरणांचे शेक द्यायचे. बरा होणार नाही, पण काही महिने मिळतील, कदाचित गिळताही येईल. नाहीतर सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेऊन घरी न्यायचं. शेक देताना चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवून डोकं फळीला जखडतात, असं कळलं. सोबत मीच जाणार होतो. परक्या गावात तो माझ्या हातात गेला तर? नुसत्या विचाराने माझे हातपाय गार पडायचे.

भावजय म्हणाली, "भावजी, देवाक इचारा. शेक देऊ काय, म्हणान. तो सांगात तसा करूया."

आमच्या पेडण्यात लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं ग्रामदेवाला कौल लावून ठरतं. गुरव ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

देवळात गुरव आणि मी, दोघंच होतो.

"काय इचारू?"

"घराक ठेवू काय, असा इचार," मी म्हणालो.

पाकळ्या कितीतरी वेळ हलल्या नाहीत. उजवी पडू दे, उजवी पडू दे, म्हणत मी उभा होतो. उजवीच पडली.

भाऊ ओसरीवर वाट बघत होता. "शेकाचा काय?"

"देवान नाय म्हटल्यान."

तो म्हणाला, "नीट इचारलंस मा?"

"इचारलंय."

"मगे रवांदे, नको शेक."

पावसाळ्याआधी तो गेला. शेवटी चमचाभर पाणीही उतरत नव्हतं.

भावजय त्यानंतर त्या देवळात गेली नाही. पालखी दारात आली तरी आत बसून राहते. "माझ्या घोवाक नाय म्हटल्यान, त्याका मी काय ओवाळू?" तिची आरती दरवर्षी मीच धरतो.

गुरव आता नाही. शेक दिले असते तर भाऊ किती जगला असता, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. पण देवाने शेकाला नाही म्हटलं नव्हतं. शेकाचं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

परवा पालखी येईल. त्याआधी हे तिला वाचून दाखवायचं आहे. कागद घेऊन दोनदा तिच्या ओसरीपर्यंत गेलो आणि परत आलो. हातपाय तसेच गार पडतात.