दोन एंड्युरो आणि एक पोतं

दोन्ही गाड्या माझ्या टोकावड्याच्या गॅरेजसमोर उभ्या होत्या आणि प्रकाश नव्या गाडीवरून उतरायला तयार नव्हता.

"मेस्त्री, हिला सेल्फ आहे. बटण दाबलं की चालू. जुनीला लाथा कोण मारत बसणार?"

"तूच. बुद्धगयेला तू चाललायस, मी नाय," मी म्हटलं.

प्रकाश वाशिंदला एका कारखान्यात फिटर होता. तिथल्या एका साहेबांना माळशेजकडच्या आडवाटांनी बाइक पळवायचा नाद. सर्व्हिसिंगला गाड्या माझ्याकडे टाकायचे. आता त्यांची बदली परदेशी झाली होती. फोनवर म्हणाले, "एक प्रकाशला ठेवा, दुसरी माझा भाऊ नेईल. संध्याकाळी टेम्पो पाठवतो." म्हणजे निर्णयाला एक दिवस, आणि पंच मी.

एंड्युरो म्हणजे दगडाधोंड्यांतून, ओढ्यानाल्यांतून लांब पल्ला मारायची बाइक. उंच, सडपातळ, सस्पेंशन लांब. साहेबांची जुनी गाडी लोखंडी फ्रेमची, साध्या कार्बोरेटरची, किकवर चालू होणारी. नवी वजनाला हलकी, ताकदीला दुप्पट, पाण्यानं थंड होणारी. पण ती मुळात शर्यतीची. दर थोड्या दिवसांनी ऑइल बदला, आतले भाग तपासा, असे तिचे लाड. शिवाय सीटखालची फ्रेम ॲल्युमिनियमची. लोखंड तुटलं तर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कोणीही जोडून देतो. ॲल्युमिनियम जोडणारा माणूस मुरबाडातसुद्धा शोधावा लागायचा, मग मध्य प्रदेशातल्या खेड्यात कुठून मिळणार? हे मी प्रकाशला दोनदा सांगितलं. त्याचा हात काही त्या बटणावरून हलेना.

मागे बसणार होते त्याचे वडील. आबा गॅरेजच्या बाकावर बसून आमचं भांडण ऐकत होते. सत्तरी जवळ आलेली. आईबापांनी धम्म स्वीकारला त्या घरात वाढलेले. बुद्धगयेला ते एकदा ट्रेननं जाऊन आले होते, पण समाधान नव्हतं. "डब्यात भरून नेलं, डब्यात भरून आणलं," ते म्हणाले. "मधला मुलुख बघायचा राहिला. औंदा भात झोडून झालं का निघायचं. पुढल्या वर्षी गुडघे माझं ऐकतील का नाय, म्हाईत नाय."

म्हणून ही सगळी घाई.

माझी टेस्टची एक पद्धत होती. पन्नास किलो तांदळाचं पोतं मागच्या सीटवर बांधायचं आणि पुढच्या वैशाखरे गावापर्यंत जाऊन यायचं. आमच्याकडे गाडी घेताना सगळे हेच बघतात. गिरणीतून पोतं घेऊन घरी आली तर गाडी चांगली. आधी नवी नेली. मागे पाय ठेवायला असल्या गाड्यांना काही नसतंच, म्हणून दोन्ही गाड्यांना मी क्लॅम्प लावून फुटरेस्ट बसवले होते. परत आल्यावर बघतो तर नवीच्या फ्रेमवर, क्लॅम्पच्या शेजारी, केसाएवढी चीर. मग जुनी नेली. तिला काहीच झालं नाही.

"झालं," मी हात पुसत म्हटलं, "जुनी पास."

प्रकाशचं तोंड उतरलं, पण ती चीर त्यानं बोट फिरवून पाहिली होती.

तेवढ्यात बाकावरून आबा बोलले. "मेस्त्री, पोतं उतरत नाय. मला उतराया लागतंय."

मी हसलो. म्हातारा चेष्टा करतोय असं वाटलं. ते उठले आणि गाडीकडे आले. "चल रे प्रकाश. पोत्याजागी मी."

गॅरेजबाहेरच्या ओट्याला गाडी लावली होती, म्हणून आबा सहज चढले. मी माझ्या गाडीवर मागोमाग निघालो. वैशाखऱ्याच्या अलीकडे एका कच्च्या चढावर प्रकाशनं गियर चुकवला आणि गाडी बंद पडली. एवढ्या उंच गाडीला किक मारायची तर मागच्यानं उतरावंच लागतं. आबा उतरले. गाडी चालू झाली. आता चढायचं.

त्यांनी प्रकाशचा खांदा धरला, पाय उचलला. पाय सीटच्या निम्म्यापर्यंत गेला आणि थांबला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी मागून आधार द्यायला गेलो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ट्रेनचंच तिकीट काढ."

प्रकाशनं इंजिन बंद केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं मी पोती बांधून गाड्या पास करत होतो. पोत्याला गुडघे नसतात हे एकदाही मनात आलं नव्हतं.

आबा मात्र जरा पुढे जाऊन मैलाच्या दगडाशी उभे होते. त्यांनी दगडावर पाय ठेवून बघितला. मग हाक मारली, "गाडी इकडं आण रे."

प्रकाशनं गाडी दगडाला चिकटवून लावली. आबा दगडावर चढले आणि तिथून अलगद सीटवर बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "आता हा दगड संगं न्यायचा का मेस्त्री?"

परत आल्यावर मी जुन्या गाडीच्या मागे लोखंडी कॅरिअर वेल्ड केलं आणि इंजिन खोलताना मी ज्यावर बसायचो ते माझं सागवानी स्टूल त्यावर दोरीनं बांधलं. संध्याकाळी टेम्पो नवी गाडी घेऊन गेला. चीर मी साहेबांना फोनवर सांगितली. ते म्हणाले, "शर्यतीच्या गाडीवर पोतं कोण बांधतं हो?"

भात झोडून झाल्यावर बापलेक गेले आणि थंडी सरता सरता परत आले. तोवर मी ऑइलच्या उपड्या डब्यावर बसून कामं केली. कॅरिअर वाटेत कुठेतरी तुटलं होतं. कोणीतरी त्यावर बेढब पण भक्कम वेल्डिंग मारलं होतं. प्रकाश इंजिनाचं कौतुक सांगत राहिला.

आबांनी बसल्या बसल्याच मागे वळून स्टूल सोडवलं, जमिनीवर ठेवलं, त्यावर पाय देऊन उतरले आणि मग त्यावरच बसले. स्टुलाचे चारही पाय घासून गोल झाले होते.

"जय भीम, मेस्त्री," ते म्हणाले. "सगळा मुलुख बघितला. जिथं वाटलं तिथं उतरलो."

त्या दिवसापासून माझ्याकडे पोत्याची टेस्ट बंद आहे. गाडी जुनी घ्यावी का नवी, असं कोणी विचारलं, तर मी आधी विचारतो, मागे कोण बसणार? आणि सांगतो, त्यांना घेऊन या.