राखेचं वळण

स्तामेनाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी तिचा नवरा ब्लागोता याची नजर अधू झाली आणि अंगणातली जुनी निवा जीप कुणीतरी चालवणं भाग पडलं. आज ती बासष्टची आहे. वरच्या वाडीतल्या सात घरांचं पीठ, औषधं, एकदा तर आजारी मेंढीसुद्धा तिनेच त्या गाडीतून नेली-आणली.

तिची एक खोड सगळ्यांना माहीत होती. बर्फात अवघड उतार आला की ती गाडी थांबवायची, खाली उतरायची आणि तो उतार आधी पायी चालून यायची. मुद्दाम झिजलेल्या तळाचे बूट घालायची, म्हणजे निसरडं कुठे आहे ते पायाला लगेच कळायचं. ब्लागोता म्हणायचा, "आमच्याकडे गाडी कमी चालते, बायकोच जास्त चालते."

शेजारच्या वुकोताने गेल्या वर्षी मोठी नवी गाडी घेतली, तेव्हा त्यानेही डिवचलं. "काकू, चारही चाकं ओढतात, मग भ्यायचं कशाला?"

"ओढतात ना," स्तामेना म्हणाली, "पण थांबताना तुझीही चारच चाकं आणि पोस्टमनच्या डबड्याचीही चारच. बर्फाला किंमत कळत नाही, बाळा."

या हिवाळ्यात तिच्या फेऱ्या वाढल्या. वाडीतल्याच ओब्रेनची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीन वेळा त्याला खाली शहरातल्या रुग्णालयात रक्त शुद्ध करायच्या यंत्रावर बसवावं लागे. सोमवारी वादळामुळे रस्ता बंद राहिला आणि ती फेरी चुकली. बुधवारी सकाळी आभाळ निवळलं, तोवर ओब्रेनचे पाय सुजून बुटात जाईनासे झाले होते. आजची फेरी चुकवून चालणार नव्हतं. रुग्णालयाने अकराची वेळ दिली होती.

ओब्रेनला मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून ती निघाली. त्याच्या घराखालच्या वळणापाशी सवयीप्रमाणे उतरली, चार पावलं गेली आणि घसरून थेट बसलीच. वळणावर बर्फ नव्हता, काच होती. राखाडी, चकचकीत काच. पलीकडे दरी.

वाडीतली प्रत्येक चूल रोज राख देते आणि ती राख उतारावर टाकायची रीत आहे. पण आधी पत्र्याच्या पिंपात एक रात्र निवू द्यायची. हे काम नेहमी ओब्रेनचं. यंदा तो आजारी, म्हणून आज पहाटे त्याची बायको यागोदा चुलीतून काढलेल्या दोन बादल्या तशाच घेऊन आली होती. गरम राखेने बर्फ वितळला आणि सावलीत पुन्हा गोठला.

यागोदा वर कुंपणाशी उभी होती. एका नजरेत तिला कळलं. "मीच केलं गं," ती म्हणाली. "वाटलं, तुझी चाकं घसरू नयेत."

"बादली उचल," स्तामेना म्हणाली. "रडणं नंतर कर. माझ्या पिंपातली कालची राख आण."

वुकोता धावत आला. "काकू, माझ्या गाडीतून नेतो मी."

"तुझी गाडी माझ्या गाडीहून दुप्पट जड. जड गाडी एकदा घसरली की आवरत नाही. तू गवत ओढायची घसरगाडी आण. ओब्रेनदादा चालू शकत नाही, पण गाडीत बसून या वळणावरून जाणारही नाही."

"वहिनी, मी काय गवताचा भारा आहे?" गोधडीतून ओब्रेन कुरकुरला.

"भारा बरा, तो बोलत नाही."

ब्लागोता चाचपडत आला आणि चाकांना साखळ्या बांधायला बसला. त्याची बोटं डोळ्यांची कसर भरून काढत होती. स्तामेनाने कुदळीने काचेवर ओळी पाडल्या, यागोदाने त्यांत गार राख भरली. वुकोताने घसरगाडी डोंगराच्या कडेच्या मऊ बर्फातून सावकाश खाली नेली. साडेनऊ वाजले.

मग स्तामेना एकटी गाडीत बसली. गिअरशेजारची संथ चालीची छोटी दांडी मागे, पहिला गिअर, पाय ब्रेकपासून दूर. उजवी चाकं डोंगराकडच्या मऊ बर्फात घालून ती इंचाइंचाने उतरू लागली. इंजिनच गाडीला धरून होतं. वळणाच्या मध्यावर मागचा भाग दरीकडे सरकला. उजवा पाय आपोआप ब्रेककडे गेला. तिने तो उचलला, मनातल्या मनात स्वतःला एक शिवी दिली, गाडीचं तोंड जायचं तिकडेच ठेवलं आणि गॅस अगदी जरासा दिला. साखळ्यांनी राखेत दात रोवले. उजवा आरसा डोंगराकडच्या दगडाला घासून तुटला. गाडी सरळ झाली.

खाली रस्त्यावर ओब्रेन घसरगाडीत पडल्यापडल्या बघत होता. "आरसा गेला," तो म्हणाला.

"मागचं बघायचंच नाहीये आज," ती म्हणाली. "चल, उठ. वुकोता, धर त्याला."

अकरा वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयाच्या दारात नर्सने घड्याळाकडे बघितलं, मग त्या सुजलेल्या पायांकडे, आणि चाकाची खुर्ची पुढे केली. ओब्रेन जाताना म्हणाला, "वहिनी, यागोदाला काही बोलू नकोस."

"मी नाही बोलणार. तूच घरी गेल्यावर तिला राख निववायला नीट शिकव."

दार मिटलं. आत यंत्र सुरू झाल्याची घरघर ऐकू येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.